नव्या शहरात आधी गाळा शोधू नका, गाववाले शोधा



परंडा तालुक्यातल्या एका ताईंचा मला फोन आला होता. मुलाला पुण्यात नोकरी लागली, म्हणून सगळं घर हडपसरला आलेलं. ताईंच्या हाताला चव आहे. त्या म्हणाल्या, "सर, मगरपट्ट्याजवळ गाळा बघितलाय. एक लाख डिपॉझिट मागतोय. आपल्याकडची खानावळ टाकते. द्यावं का?"

मी एकच विचारलं, "ताई, तुमचं गिऱ्हाईक राहतं कुठं?"

त्या म्हणाल्या, "पुण्यात आपली माणसं लई आहेत की."

इथंच बहुतेकांचे पैसे बुडतात. आपली माणसं पुण्यात आहेत हे खरंच. पण त्यातली किती जण तुमच्या गाळ्यापासून दहा मिनिटांवर राहतात? ते कळल्याशिवाय डिपॉझिट द्यायचं नाही.

माणसं एका ठिकाणी का गोळा होतात?

नव्या शहरात माणूस पहिली खोली ओळखीच्या माणसाजवळ किंवा कामाजवळ घेतो. मग त्याचा भाऊ येतो, मेहुणा येतो, अन् वस्ती तयार होते. हे जगभर असंच चालतं. 1948 साली वेस्ट इंडीजहून 'एम्पायर विंडरश' जहाजाने शेकडो लोक इंग्लंडला पोचले. त्यातल्या 200 हून जास्त जणांची राहायची सोय लंडनच्या क्लॅपहॅम भागात झाली अन् कामाची नोंदणी करायचं कचेरीचं ठिकाण जवळच्या ब्रिक्स्टनला होतं. मग बरेच जण ब्रिक्स्टनलाच राहिले. हळूहळू तिथल्या बाजारात त्यांच्याकडची केळी अन् कंद मिळायला लागले. म्हणजे आधी माणसं आली, दुकानं नंतर.

आपलं मुंबईचं गिरणगावही तसंच. कोकणातून अन् घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत गाववाल्यांसोबत राहायचे. बायका-पोरं गावाकडं. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया तिथंच, चाळीतल्या खोलीत स्वयंपाक करायच्या. वेगळा गाळा नाही, पाटी नाही. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं काम सुरू केलं.

मग आपले लोक शोधायचे कसे?

1. ट्रॅव्हल्स अन् एसटीचा थांबा बघा. धाराशिव, बार्शीकडची गाडी सोलापूर रोडने हडपसरला येते. रविवारी रात्री कोणत्या थांब्यावर जास्त लोक पिशव्या घेऊन उतरतात, हे दोन रविवार उभं राहून बघा. रिक्षा कुठं चालली तेही विचारा.
2. गावाचे अन् तालुक्याचे व्हॉट्सअॅप ग्रुप. तिथं जाहिरात टाकू नका. आधी फक्त विचारा, "पुण्यात कोण कोण, कुठल्या भागात?" नावापुढे भाग लिहून वही करा.
3. दोन प्रकारचं गिऱ्हाईक वेगळं ठेवा. पेठांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं महिन्याची मेस बघतात, तिथं पैशाला महत्त्व. कुटुंबवाल्यांकडं रोजचा स्वयंपाक घरीच होतो, त्यांना सणावाराची वस्तू लागते.

एका दिवसाचा धंदा करून बघा

ताईंना मी म्हणालो, गाळा राहू द्या, येळवस करा. वेळ अमावस्येला आपल्याकडं सगळं गाव शेतात असतं. पुण्यात अडकलेल्या माणसाला त्या दिवशी घराची जितकी आठवण येते, तितकी दिवाळीतही येत नाही, कारण दिवाळीला सुट्टी असते. भज्जी, बाजरीचे उंडे अन् आंबील हॉटेलात शोधून मिळत नाही.

ताईंनी आठ दिवस आधी ऑर्डर घेतल्या, पैसे आधी. 180 रुपयांना डबा, 31 डबे गेले. 5,580 रुपये आले. सामान, डबे, रिक्षा मिळून 3,900 गेले. उरले 1,680. तीन दिवसांच्या कष्टाला हे काही फार नाही. एक चूकही झाली. आंबील पोचवायला दुपार झाली, तोवर ते जास्त आंबटलं, दोघा-तिघांनी बोलून दाखवलं.

पण वही उघडून पत्ते बघितले तर 31 पैकी 22 डबे भेकराईनगर अन् फुरसुंगीकडं गेलेले. मगरपट्ट्याजवळ फक्त 3! लाखाचं डिपॉझिट कुठं चाललं होतं, ते त्या दिवशी कळलं.

दोन धोके लक्षात ठेवा

पहिला, उधारी. गाववाला म्हटलं की "पुढच्या महिन्यात देतो" येतंच. नातं ठेवायचं असेल तर पहिल्या दिवसापासून पैसे आधी. नंतर नियम बदलला की माणूस दुखावतो.

दुसरा, एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर उभं राहणं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. पगार थांबले, कामगार गावाकडं परतले अन् खानावळींचं महिन्याचं गिऱ्हाईक तुटलं. स्वयंपाकाची चव तीच होती, जेवणाराच राहिला नाही. म्हणून गाववाला हे पहिलं गिऱ्हाईक धरा, शेवटचं नाही. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. त्या खव्याची पोळी शेजारच्या पुणेकर काकूंनाही आवडणार. येसर आमटी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी यांचंही तसंच. अन् घरून विकायचं असलं तरी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या, ती ऑनलाइन होते.

ताईंनी अजून गाळा घेतलेला नाही. लाख रुपये बँकेतच आहेत. 31 मधल्या 11 घरांनी दर रविवारी कडक भाकरी अन् चटणी मागितली, ती त्या घरूनच देतात.

तुम्हीही आज एक वही घ्या. नाव, गाव, शहरातला भाग. पन्नास नावं झाली की मग गाळ्याचा विचार करू. भेटूया पुढच्या व्हिडिओत!