पंचवीसच्या आतलं तेल

इंदूरच्या मोठ्या दुकानांतून हल्ली ‘बेक्ड’ शेव आणि नाचणीचा चिवडा वेगळ्या फळीवर मांडलेला दिसतो. गिऱ्हाईक पाकीट उलटून चरबीचा आकडा वाचतं आणि चार पैसे जास्त मोजतं. तेच गिऱ्हाईक रात्री सराफा बाजारात उभं राहून गराडू नावाचा तळलेला कंद खातं. तिथे ना पाकीट, ना आकडा. मग उघड्या कढईतल्या खाण्याचा हिशेब ठेवतं कोण, हे पाहायला ऐन थंडीत मी सराफ्यात गेले.

सोन्याचांदीच्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याची दुकानं मांडली जातात. गराडू सोलून, तुकडे करून एकदा तळून ठेवलेला असतो; मागणी आली की पुन्हा कढईत जातो, मग लिंबू आणि जिरावण मसाला. मी ज्याच्या कढईपाशी थांबले तो पन्नाशीचा तळणारा पगारी माणूस होता. जिरावण तो कढईपासून लांब, परातीत भुरभुरायचा. “मीठ पडलं की तेल लवकर मरतं, दीदी.” प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने चुराही काढायचा, कारण चुरा जळला की तेल काळवंडतं.

“तेल पच्चीसच्या आत पाहिजे,” तो म्हणाला. तापलेल्या तेलाला हवा आणि पदार्थातलं पाणी लागत राहिलं की ते विघटत जातं आणि त्यात ‘पोलर’ संयुगं साठतात. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे १ जुलै २०१८ पासून या संयुगांचं एकूण प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेलं तेल वापरता येत नाही. तेलात दांडी बुडवली की आकडा दाखवणारा मीटर मिळतो. याच्याकडे तो नव्हता. तो फेसाकडे बघायचा. घाणा काढल्यावरही फेस विरला नाही, आच न वाढवता धूर सुटला, झाऱ्यावरून तेल जाडसर ओघळलं, की त्याच्या लेखी पंचवीस भरले. त्याने बाजूला काढलेल्या तेलाचा डबा माझ्यापुढे धरला. खवट, घशाला चिकटणारा वास. आजही कुठे तळणाचा वास आला की मला आधी तो डबा आठवतो.

पण कढई रिकामी करायची की त्यातच नवं तेल ओतायचं, हे मालक ठरवतो. तेल हा या धंद्यातला मोठा खर्च. भर घातली की रंग उजळतो, आकडाही थोडा उतरतो. मात्र जुनं तेल नव्यालाही लवकर बिघडवतं. ऑगस्ट २०१८ मध्ये एफएसएसएआयने ‘रुको’ मोहीम सुरू केली. वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायचं, म्हणजे ते ना गटारात जाईल, ना दुसऱ्या कुणाच्या कढईत. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणाला वापरणाऱ्याने त्याची नोंद ठेवायची असते. एका कढईची गाडी या नोंदीतून सहज सुटते. पंचवीसची मर्यादा सगळ्यांना आहे, वही मात्र मोठ्यांनाच.

आरोग्याच्या नावावर नवा माल विकणं दुकानदाराला सोपं जातं, कारण त्याची जादा किंमत पाकिटावर छापता येते. वेळेवर ओतून टाकलेलं तेल कुणाला दिसत नाही, म्हणून त्याचे पैसेही कुणी देत नाही. माझ्या मते, मालकाने तेल बदलल्याचा दिवस कढईपाशी पाटीवर लिहावा आणि प्लेटमागे थोडे पैसे जास्त घ्यावेत. ‘तेल कोणतं’ एवढंच विचारणाऱ्या गिऱ्हाइकाने ‘तेल कधीचं’ हेही विचारावं. आणि फेसावरून पंचवीस ओळखणाऱ्या त्या माणसाला, मालकाला न विचारता कढई उतरवण्याचा अधिकार मिळावा. सराफ्यात खाणाऱ्याचं आरोग्य सगळ्यात जवळून तोच सांभाळतो.