दोन तारा, एकच वाट

घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावात बाजारपेठेतल्या एका दुमजली इमारतीत खाली संगणक वर्ग चालतो आणि वर अभ्यासिका. संध्याकाळ झाली की वरच्या मुलांकडे खालच्या सर्व्हरवरच्या सराव परीक्षा उघडायच्याच नाहीत, म्हणून मला बोलावणं आलं. दोन्ही मजल्यांवर नेटवर्कचा एकेक स्विच होता आणि दोघांना जोडणारी केबल एकच. इमारतीचे १६ कॅमेरे वरच्या स्विचला जोडलेले आणि चित्रं साठवणारा रेकॉर्डर खाली. कॅमेऱ्यामागे सेकंदाला ४ मेगाबिट धरले तरी ६४ होतात, आणि जुने स्विच होते १०० मेगाबिटचे. त्या दिशेने मुलांच्या वाट्याला उरायचे ते ३६.

मी घाई केली. एक केबल कमी पडते तर दुसरी टाकू, या हिशेबाने दोन्ही स्विचमध्ये आणखी एक केबल खोचली. क्षणात सगळ्या पोर्टचे दिवे एकसारखे लुकलुकू लागले आणि खालून हाक आली, ‘‘सर, आता खालचंही बंद पडलं!’’

असं का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. ‘हा पत्ता कोणाचा?’ असा पुकारा एखाद्या संगणकाने केला, की स्विच तो ज्या पोर्टमधून आला ते सोडून बाकी सगळ्या पोर्टमधून पुढे पाठवतो. दोन स्विचमध्ये दोन तारा असल्या की पुकारा एका तारेने जातो, दुसरीने परत येतो आणि पुन्हा निघतो. इंटरनेटच्या पाकिटावर ‘इतके टप्पे झाले की संपव’ असा आकडा असतो, स्विच पाठवतो त्या इथरनेटच्या चौकटीवर (फ्रेमवर) तो नसतो. त्यामुळे पुकारे फिरत राहतात, वाढत जातात आणि खऱ्या कामाला जागाच उरत नाही. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये यावर उपाय शोधला. त्यात स्विच आपसात बोलून जादा तार अडवून ठेवतात. मात्र अडवलेली तार पहिली तुटेपर्यंत रिकामीच पडून राहते. आमच्या साध्या स्विचमध्ये तर तीही सोय नव्हती.

दोन्ही तारा एकाच वेळी वापरायच्या असतील, तर दोन्ही स्विचना त्या एक आहेत असं समजावं लागतं. पोर्टचा गट बांधणं म्हणतात ते हेच. ही कल्पना रुजवली ‘कल्पना’ याच नावाच्या कंपनीने. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाने सहकाऱ्याबरोबर अमेरिकेत काढलेल्या या कंपनीने १९९० मध्ये अनेक पोर्टचा इथरनेट स्विच बाजारात आणला आणि पुढे पोर्ट एकत्र बांधण्याची ‘इथरचॅनल’ ही पद्धतही. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्विचना एकमेकांशी बोलता यावं म्हणून २००० मध्ये सामाईक मानक आलं. त्यातल्या बोलण्याच्या रीतीला एलएसीपी म्हणतात.

इथे एक गैरसमज हमखास होतो. एक गिगाबिटच्या दोन तारा बांधल्या म्हणजे एकच मोठी फाइल दुप्पट वेगाने उतरते, असं होत नाही. गळीत हंगामात कारखान्याच्या फाटकावर दोन वजनकाटे असले तर रांग लवकर सरकते, पण एक ट्रॉली अर्धी या काट्यावर आणि अर्धी त्या काट्यावर मोजत नाहीत. स्विचही पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता पाहून एक संवाद एकाच तारेवर ठेवतो, नाहीतर चौकटींचा क्रम बिघडतो. म्हणून वाटणी कशावरून होते, ते सेटिंगमध्ये पाहिलंच पाहिजे. फक्त घेणाऱ्याच्या पत्त्यावरून होत असेल, तर सोळाही कॅमेऱ्यांचा घेणारा एकच, तो रेकॉर्डर. सगळा भार एका तारेवर आणि दुसरी मोकळी! नंतर आणलेल्या स्विचना आम्ही दोन्ही पत्ते धरायला लावले.

खरं सांगायचं तर वेगाचा प्रश्न नवे गिगाबिट स्विच घेतल्यावर एका तारेनेच सुटला असता. बाहेरून येणारं नेटही गट बांधून तसूभर वाढत नाही. तरी मी दुसऱ्या तारेचा आग्रह धरला, कारण परीक्षेच्या दिवशी उंदराने केबल कुरतडली तर मुलांनी काय करायचं? तारा दोन असल्या तरी एकाच पाइपातून नेल्या तर तोच उंदीर दोन्ही कुरतडतो. म्हणून एक जिन्याकडून नेली, दुसरी मागच्या भिंतीने, पण आतून. उघड्यावरून तांब्याची तार नेली की वळवाच्या विजा पोर्ट जाळतात. दोन इमारती जोडायच्या असत्या तर मी फायबरच सुचवली असती.

या खेपेला क्रम पाळला. सेटिंग करता येणारे, एलएसीपी असलेले स्विच आणले. दुसरी केबल हातात घेण्याआधी दोन्हीकडे गट तयार केला. गटातल्या पोर्टचा वेग आणि व्हीलॅन, म्हणजे स्विचमधले आभासी कप्पे, सारखे ठेवले. दोन्ही टोकं ‘ॲक्टिव्ह’ केली. एक ‘पॅसिव्ह’ चालतं, पण दोन्ही पॅसिव्ह असली तर पहिला शब्द कोणीच बोलत नाही आणि गट बनत नाही. न बोलता जुळवायची ‘स्टॅटिक’ पद्धतही असते, मी ती टाळतो. तिच्यात एका टोकाला चूक झाली तर दुसऱ्याला पत्ता लागत नाही. एलएसीपीत मात्र दोन्ही टोकं एकमेकांची खुशाली विचारत राहतात, संथ रीतीत दर ३० सेकंदांनी आणि जलद रीतीत दर सेकंदाला. तीन खेपा उत्तर आलं नाही की ती तार गटातून बाहेर. आम्ही जलद रीत निवडली.

मग दुसरी केबल खोचली. दिवे शांतपणे लुकलुकत राहिले. वर मुलं सराव परीक्षा सोडवत बसली होती. खालच्या संगणकावरून वरच्या एका संगणकाला ‘आहेस का?’ असं सारखं विचारणारं पिंग लावून ठेवलं आणि वर्गाच्या चालकांना सांगितलं, ‘‘जिन्याकडची तार काढा.’’ ते क्षणभर थांबले, मग त्यांनी ती उपसली. पडद्यावर एक उत्तर हुकलं आणि पुढची लागोपाठ येत राहिली. वरून कोणाचीच हाक आली नाही.