ध्वनिसंश्लेषक चिप व तिचे अनुकरण

संगणकाकडून मिळालेल्या अंकरूप आज्ञांनुसार विद्युत् तरंग निर्माण करून त्यांद्वारे स्वर व इतर ध्वनी उत्पन्न करणाऱ्या संकलित मंडलास ध्वनिसंश्लेषक चिप म्हणतात. सु. १९८० ते १९९५ या काळात घरगुती व वैयक्तिक संगणकांवरील खेळांचे बरेचसे संगीत अशा चिपांवर वाजत असे. हे संगीत ध्वनिमुद्रित नव्हते. कोणता स्वर, किती जोराने, केव्हा सुरू करावयाचा व केव्हा थांबवावयाचा एवढ्याच आज्ञा चकतीवर साठविलेल्या असत. त्यामुळे चिप नाहीशी झाली की, आज्ञा शाबूत राहूनही संगीत मुके होते. चिपचे वर्तन दुसऱ्या संगणकावर केवळ आज्ञावलीच्या साहाय्याने घडवून आणण्यास अनुकरण म्हणतात. जुने संगणक मोडीत निघाल्यानंतर हे संगीत ऐकण्याचा तोच मुख्य मार्ग उरला आहे.

आयबीएम कंपनीने १९८१ साली आणलेल्या वैयक्तिक संगणकात स्वतंत्र ध्वनिचिप नव्हती. इंटेल ८२५३ या कालमापक मंडलाचा एक भाग लहानशा ध्वनिक्षेपकास जोडलेला असे. सेकंदाला सु. ११,९३,१८२ वेळा येणाऱ्या ठोक्यांस आज्ञावलीने दिलेल्या संख्येने भागले जाई व तेवढ्या कंप्रतेचा चौरस तरंग बाहेर पडे. २,७१२ ही संख्या दिल्यास सु. ४४० हर्ट्‌झ कंप्रतेचा स्वर मिळतो. एका वेळी एकच स्वर निघे आणि त्याचा जोर कमीजास्त करता येत नसे. स्वरसंघाचा आभास निर्माण करण्यासाठी संघातील स्वर अतिशय जलद गतीने आळीपाळीने वाजवीत. कानाला ते थरथरणाऱ्या एकाच नादासारखे वाटतात.

कंप्रता-विरूपण संश्लेषण : कॅनडातील क्वेबेक प्रांतात स्थापन झालेल्या ॲडलिब कंपनीने १९८७ साली यामाहाची वायएम३८१२ ही चिप बसविलेले कार्ड विक्रीस आणले आणि वैयक्तिक संगणकाच्या संगीताचे रूप पालटले. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली काढलेल्या साउंड ब्लास्टर कार्डावरही हीच चिप होती. तिच्यामागील तत्त्व मात्र संगणक-खेळांसाठी शोधले गेलेले नव्हते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ साली असे आढळले की, एका ज्यातरंगाची कंप्रता दुसऱ्या ज्यातरंगाने श्राव्य वेगाने हालविली, तर अनेक उपस्वरांनी युक्त असा संपन्न नाद मिळतो. त्यांचा निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला व पद्धतीचे एकस्व १९७७ मध्ये मिळाले. यामाहाने त्याचा परवाना घेतला होता आणि १९८३ सालचे डीएक्स७ हे वाद्य याच तत्त्वावर गाजले.

ज्याचा नाद ऐकू येतो त्या तरंगास वाहक व त्याला हालविणाऱ्या तरंगास विरूपक म्हणतात. दोहोंच्या कंप्रतांचे गुणोत्तर साध्या पूर्णांकांत असेल, तर उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात व नाद तंतुवाद्यासारखा किंवा सुषिर वाद्यासारखा वाटतो. तसे नसेल, तर घंटेसारखा. विरूपकाचा जोर वाढविला की नाद झगझगीत होतो, घटविला की मवाळ होतो. छेडलेल्या तारेचा नाद आरंभी तीव्र असतो व विरत जाताना सौम्य होतो. येथे तो बदल विरूपकाचा जोर ओसरू देऊन सहज साधतो.

वायएम३८१२ मध्ये असे अठरा तरंगकारी घटक असून त्यांच्या जोड्यांतून नऊ स्वर एकाच वेळी वाजतात; सहा स्वर व पाच तालवाद्ये अशीही विभागणी करता येते. प्रत्येक घटकाला नादाचा चढ, पहिला उतार, टिकाव व विलय ठरविण्यासाठी स्वतंत्र मूल्ये द्यावी लागतात. कंप्रतेच्या पटीही ठरलेल्या आहेत : अर्धी, एक ते दहा, बारा व पंधरा. अकरा, तेरा व चौदा या पटी नाहीत. अशा अडचणींतूनच या चिपचा ओळखू येणारा, किंचित धातूसारखा नाद आकारास आला.

आज्ञावली रचना : चिपमधील मूल्ये रजिस्टर नावाच्या क्रमांकित कप्प्यांत ठेवलेली असतात. षोडशमान पद्धतीतील ३८८ या पोर्टवर कप्प्याचा क्रमांक व ३८९ वर त्यात भरावयाचे मूल्य पाठवीत. स्वराची उंची दहा अंकस्थानांची एक संख्या व सप्तकनिदर्शक संख्या यांनी ठरते. चौथ्या खंडात ५८० ही संख्या दिल्यास सु. ४४० हर्ट्‌झचा स्वर मिळतो. तेथे लगतच्या दोन संख्यांत सु. ०·७६ हर्ट्‌झचे अंतर पडते. ८१/८० हे गुणोत्तर मानलेल्या प्रमाणश्रुतीत अशा सु. सात पायऱ्या बसतात. म्हणजे समविभागी पेटीच्या स्वरांतच अडकून राहण्याचे बंधन चिपने घातलेले नव्हते. ते रचनाकारांच्या सवयीने आले.

क्रमांक पाठविल्यानंतर ३·३ व मूल्य पाठविल्यानंतर २३ मायक्रोसेकंद थांबावे लागे. रिकामी आवर्तने मोजून हा विलंब साधणाऱ्या आज्ञावली पुढील जलद संगणकांवर फसत व स्वर गळून पडत. स्थितिदर्शक पोर्ट अनुक्रमे सहा व पस्तीस वेळा वाचणे ही युक्ती अधिक भरवशाची होती, कारण कार्ड ज्या जोडमार्गावर बसे त्याचा वेग प्रक्रियकाबरोबर वाढत नसे.

वुल्फेन्स्टाइन ३डी (१९९२) या खेळाचे संगीत या व्यवस्थेचे बोलके उदाहरण आहे. त्यातील प्रत्येक नोंद चार बाइटांची : एक कप्प्याच्या क्रमांकाचा, एक मूल्याचा व दोन पुढील नोंदीपर्यंतच्या विलंबाचे. विलंब सेकंदाच्या सातशेव्या भागांत मोजतात. याउलट ध्वनितबकडीच्या दर्जाच्या द्विमार्गी मुद्रणास मिनिटाला एक कोटीहून अधिक बाइट लागतात.

अनुकरण : प्रारंभीच्या अनुकारक आज्ञावली चिपच्या प्रसिद्ध माहितीपत्रकावर व कानाने केलेल्या तुलनेवर विसंबून होत्या. त्या गणिती दृष्ट्या शुद्ध ज्यातरंग काढीत आणि तेथेच चुकत. वायएम३८१२ चिप तरंगांचे गुणाकार करीत नाही. पाव ज्यातरंगाच्या लघुगणकांची २५६ नोंदींची एक सारणी तिच्यात कोरलेली असते. लघुगणकांची बेरीज करून दुसऱ्या सारणीने मूळ मूल्य काढले जाते. यांत होणाऱ्या अंकच्छेदामुळे एक सूक्ष्म खरखर येते. ती चिपच्या नादाचाच भाग आहे. २००८ साली चिपचे कवच काढून, सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या छायाचित्रांवरून या सारण्या वाचण्यात आल्या, तेव्हा हा भाग तर्काचा न राहता वाचनाचा झाला. चिप सेकंदाला सु. ४९,७१६ नमुने देते. ते आजच्या यंत्रांच्या ४४,१०० वा ४८,००० या गतीत बसविताना काळजी न घेतल्यास मुळात नसलेले स्वर ऐकू येतात.

अंकीय चिपचे अनुकरण अशा रीतीने जवळजवळ तंतोतंत होऊ शकते. सदृश मंडलांबाबत ती सोय नाही. कमोडोर ६४ या घरगुती संगणकातील सिड ६५८१ (१९८२) ही रॉबर्ट यानेस यांनी आखलेली तीन स्वरांची चिप याचे उदाहरण होय. तिच्यातील छानकाची वैशिष्ट्ये निर्मितिप्रक्रियेनुसार बदलत, त्यामुळे दोन संगणकांवर एकच रचना वेगळी ऐकू येई. मग खरी रचना कोणती? बहुधा रचनाकाराने स्वतःच्या यंत्रावर ऐकली ती, आणि ते यंत्र आता क्वचितच हाती लागते. या चिपमध्ये एक दोषही होता : आवाजाची पातळी बदलताच बाहेर ‘टक्’ असा ध्वनी पडे. आज्ञावलीकारांनी पातळी अतिजलद बदलून त्या दोषातूनच मानवी बोल व तालवाद्यांचे नमुने वाजविले. सुधारित ८५८० चिपमध्ये दोष बराचसा दूर झाला आणि ते बोल क्षीण झाले. म्हणून सिडच्या चांगल्या अनुकारकांत ६५८१ व ८५८० या दोहोंचे पर्याय स्वतंत्रपणे दिलेले असतात.