पाच न्यूटन-मीटरची सायकल

कार्बनची नुसती फ्रेम हातात घेतली की माणूस पहिल्यांदा वजनाने चकतो. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या माउंटन बाइकची फ्रेम मागच्या शॉकसकट तीन किलोंच्या आसपास भरते. तिच्यावर चिमटा, चाकं, ब्रेक, क्रँक, चेन, हँडल, सीट असं सगळं चढवलं की तेरा ते पंधरा किलोंची सायकल तयार होते. दूधवाल्याची जुनी काळी सायकल याहून पाच-सात किलो जड असते आणि तिला सस्पेन्शन म्हणाल तर सीटखालची स्प्रिंग तेवढी.

समजा, ही फ्रेम धसईतल्या एखाद्या घराच्या पडवीत बांधायला घेतली. मुरबाड तालुक्यातलं हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं. दुकानांत कार्ड चाललं तरी, किती पीळ दिला ते मोजणारा टॉर्क पाना बहुधा कल्याण किंवा मुंबईहूनच मागवावा लागेल. जागा मात्र अशा सायकलीसाठी अगदी योग्य. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके, आहुपे घाटाची जुनी पायवाट. पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड. भात कापून झाला की खाचरांचे बांध, बैलगाडीची चाकोरी, कोरड्या ओढ्यातले गोटे असा सगळा मार्ग सायकलीची परीक्षा घ्यायला टपलेला.

कार्बन फ्रेम मजबूत की नाजूक, हा प्रश्न सायकलवाल्यांच्या गप्पांत हमखास निघतो. प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या दिशेने, हे आधी विचारायला हवं.

कार्बनचा एक तंतू पाच ते सात मायक्रॉन जाड, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण दहावा हिस्सा. बहुतेक तंतू पॉलीअॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून बनतात. धागा आधी दोन-तीनशे अंशांवर हवेत भाजतात, मग प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर तापवतात. बाकीची मूलद्रव्यं उडून जातात आणि कार्बन उरतो, त्याचे थर तंतूच्या लांबीला धरून रचलेले. सायकलींत सर्रास वापरल्या जाणाऱ्या टोरे कंपनीच्या टी-७०० तंतूची ताणशक्ती ४९०० मेगापास्कल आहे, साध्या बांधकामाच्या पोलादाच्या दहापट. घनता मात्र पोलादाच्या पाव हिश्श्याहूनही कमी.

हे सगळं तंतूच्या लांबीच्या दिशेने. आडव्या दिशेने भार आला की तो पेलते तंतूंना धरून ठेवणारी इपॉक्सी राळ, आणि तिची ताकद तंतूच्या मानाने नगण्य. बांबू चिरणाऱ्या बुरुडाला हे शिकवावं लागत नाही: बांबू लांबीच्या दिशेने वाट्टेल तेवढा ओढा, तुटत नाही, कोयता उभा घातला की सरळ दोन फाका. योगायोग असा की कार्बन तंतूचा इतिहासही बांबूजवळून जातो. १८८० मध्ये एडिसनने दिव्यासाठी जी तार वापरली ती बांबूची चिवटी जाळून केलेली होती. आपल्याकडे पुण्यात शशिशेखर पाठक यांनी ‘बांबूची’ या नावाने बांबूच्याच फ्रेमच्या सायकली बांधल्या. तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं भरण ही जोडी बांबूत निसर्गाने घडवलेली असते. कार्बन फ्रेमचा कारागीर तीच जोडी साच्यात, थरावर थर लावून घडवतो. एक थर नळीच्या लांबीला समांतर, म्हणजे वाकण्याला विरोध. पुढचा ४५ अंशांत, म्हणजे पिळण्याला विरोध. कोणत्या कोपऱ्यात किती थर, हे भार कुठून येणार याचा हिशेब करून ठरतं. त्या हिशेबाबाहेरचा भार आला की ही महागडी नळी अंड्याच्या कवचासारखी वागते, एवढंच ‘नाजूक’पणात तथ्य.

आणि हिशेबाबाहेरचा भार आणणारा सर्वात सोपा उपद्व्याप म्हणजे आपल्या हातातला पाना.

हँडल पकडणाऱ्या स्टेमला पुढून चार छोटे बोल्ट असतात, बहुतेकदा पाच मिलिमीटर व्यासाचे. त्यांच्याशेजारी पाच-सहा न्यूटन-मीटर असा पिळाचा आकडा छापलेला असतो. दिसायला किरकोळ. पण बोल्टचे आटे म्हणजे गुंडाळलेला उतार. थोड्या पिळाचं ते प्रचंड दाबात रूपांतर करतात. नेहमीचं घर्षण धरलं तर पाच न्यूटन-मीटरने आवळलेला एवढासा बोल्ट सुमारे पाच हजार न्यूटनांनी, म्हणजे जवळपास पाचशे किलो वजनाइतक्या जोराने दाबतो. चार बोल्ट मिळून दोन टन. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पोकळ कार्बन हँडलला एवढं सोसवतं, कारण दाब गोलाईवर सारखा पसरलेला असतो.

आता साधी अॅलन की घ्या. पंधरा सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला दहा किलोंच्या जोराने रेटलं की झाले पंधरा न्यूटन-मीटर. म्हणजे अगदी सहज, ‘जरा अजून एक पीळ’ म्हणत आपण ठरवलेल्या दाबाच्या तिप्पट जातो. अॅल्युमिनियम असतं तर दबून, चेपून तक्रार केली असती. कार्बनचे आतले थर गुपचूप एकमेकांपासून सुटतात. वरचा रंग तसाच चकाकतो. पुढे एखाद्या बांधावरून उतरताना हँडल जे तुटतं ते याच जागी. म्हणून कार्बनचा भाग आवळून धरायचा असतो तिथे ग्रीस न लावता बारीक रवाळ पेस्ट लावतात; तिने घर्षण वाढतं आणि कमी आवळूनही पकड मिळते.

गंमत अशी की त्याच फ्रेमवर सगळीकडे हात राखून चालत नाही. क्रँक जिथे फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या वाट्या पस्तीस ते पन्नास न्यूटन-मीटरने आवळायच्या असतात, मागच्या गिअरचं कडं चाळीसने. वाट्या फ्रेममध्ये चिकटवलेल्या धातूच्या नळीच्या आट्यांत बसतात, कार्बनच्या नव्हे. उजव्या वाटीचे आटे उलटे, डावीकडे फिरवून आवळायचे. यामागे पॅडल मारताना बेअरिंगवर फिरत राहणारा भार आहे: तो वाटीला हळूहळू सैल करत नेतो, आणि उलट्या आट्यांमुळे तीच हालचाल तिला घट्ट करते. सायकलच्या डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात तेही याच कारणाने. गल्लीतल्या मेकॅनिकला कारण ठाऊक असो-नसो, दिशा पक्की ठाऊक असते.

चिमट्याची नळी कापणं, ब्रेक-गिअरच्या नळ्या फ्रेमच्या पोटातून ओवणं, ही कामं वेळखाऊ पण समजण्यासारखी. खरी मजा मागच्या शॉकमध्ये आहे.

मागचं चाक १५० मिलिमीटर वर येऊ शकतं आणि शॉक फक्त ५५ मिलिमीटर दबतो, अशी मापं आजकाल सर्रास असतात. म्हणजे मधले दांडे आणि सांधे मिळून सरासरी २.७ पटीची तरफ तयार होते. पाठपिशवीसकट ७५ किलोंच्या स्वाराचा साठ टक्के भार मागे पडला तर चाकावर ४५ किलो, आणि शॉकवर सव्वाशे किलोंच्या आसपास. हा भार पेलायला आत निव्वळ हवा असते. हवा दाबली की तिचा दाब वाढतच जातो, त्यामुळे हा शॉक शेवटाकडे आपोआप कडक होतो. शिवाय तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उडीची ऊर्जा उष्णतेत जाते. लांब उतार उतरल्यावर शॉकला हात लावा, कोमट लागतो. तेलाचा हा भाग नसता तर स्वार एकेका दगडावर चेंडूसारखा टप्पे खात गेला असता.

शॉकच्या दांड्यावर एक रबरी कडी असते. सायकलवर नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेट-पिशवीसकट, तोल सांभाळत बसायचं, कडी तळाला सरकवायची, हिसका न देता उतरायचं. कडी सोळा-सतरा मिलिमीटर सरकली तर ५५ च्या तीस टक्के झाले; हवा बरोबर. कमी सरकली तर थोडी सोडा. निष्कारण वाटतो, पण हा बसल्या जागचा दबाव हवाच. खड्डा आला की चाकाला खाली जायलाही जागा लागते, नाहीतर ते जमिनीवरून सुटतं आणि ब्रेक-वळण दोन्ही गेलं.

चाकांत पंप करताना आणखी एक शंका येते. धसईतून सायकल घेऊन आहुप्याच्या पठारावर गेलो, तर उंचीमुळे टायर फुगेल का? आठ-नऊशे मीटर चढल्यावर बाहेरच्या हवेचा दाब सव्वा पीएसआयने उतरतो, म्हणजे टायरमधला दाब तेवढा वाढलेला दिसायला हवा. पण वर हवा पाच-सहा अंशांनी गारही असते, आणि त्यामुळे जवळपास अर्धा-पाऊण पीएसआय परत कमी होतो. शेवटी फरक उरतो तो अर्ध्या पीएसआयचा. बावीस पीएसआयच्या ट्यूबलेस टायरला याची खबरही लागत नाही. करवंदीच्या काट्याची लागते, पण आतलं लॅटेक्सचं द्रावण ते भोक बुजवतं. उन्हाळ्यात मात्र हे द्रावण लवकर वाळतं, तेव्हा ते तपासत राहायचं.

पावसाळा हा इथला खरा शत्रू. कार्बन वीजवाहक आहे. ओल्या चिखलात तो आणि अॅल्युमिनियम शेजारी आले की त्यांची बॅटरी बनते आणि झिजतं ते अॅल्युमिनियम. पांढरी भुकटी धरून सीटचा दांडा फ्रेममध्ये घट्ट बसतो, मग तो निघता निघत नाही. पावसात फिरवलेल्या सायकलीचा हा दांडा अधूनमधून बाहेर काढून पुसणं एवढाच उपाय.

एक सांगणं. आहुपे भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत येतं. तिकडे सायकल नेण्याआधी वनखात्याला विचारा. आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, पडलात तर फ्रेमवर नाण्याने हलकेच टकटक करून पाहा. आवाज जिथे बद्द येईल तिथे थर सुटलेले असू शकतात. जाणकाराला दाखवल्याशिवाय त्या सायकलीवर बसू नका. टॉर्क पाना यायचा असेल, तर तो येईपर्यंत फ्रेम खोक्यातच राहू द्या.