घरचे वातावरण

शाळेत मागे पडलेल्या मुलाविषयी चौकशी केली असता शिक्षकांकडून, आणि कधी कधी आप्तेष्टांकडूनही, एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘घरचे वातावरणच तसे, त्याला कोण काय करणार?’ या वाक्याचा पूर्वार्ध बव्हंशी खरा आहे. मुलाची शरीरप्रकृती, त्याची बोली, त्याचे भय आणि त्याचा धीटपणा, नव्या वस्तूला हात लावण्याची उत्सुकता, या सर्वांची घडण शाळेच्या हजेरीपटावर नाव चढण्यापूर्वीच घरात बरीचशी होऊन चुकलेली असते. उत्तरार्ध मात्र मला अन्यायाचा वाटतो. कारण त्या एका शेऱ्याने मुलाचे प्रकरण निकालात काढून दप्तर बांधले जाते, आणि ज्या घरावर ठपका ठेवला त्या घराचा उंबरठा ठपका ठेवणाऱ्यांपैकी कोणी ओलांडलेलाच नसतो.

वातावरण म्हणजे काय, हे आधी नीट ध्यानात घेतले पाहिजे. अभ्यासाची स्वतंत्र खोली, टेबल-खुर्ची, पुस्तकांचे कपाट यांचा उपयोग आहेच. पण मुलाच्या पहिल्या वर्षांत ज्याला खरे मोल आहे ती गोष्ट बाजारात मिळत नाही. तान्हे मूल हुंकार देते, आजी भाकरी थापता थापता ‘हो का रे बाळा, मग काय झालं?’ म्हणून त्याला उत्तर देते, आणि ते पुन्हा हुंकार देते. या देवघेवीत अर्थाचा लवलेश नाही असे परक्याला वाटेल. परंतु आपल्या आवाजाने जगात काही घडते, समोरचे माणूस वळून पाहते, ही भाषेची आणि आत्मविश्वासाची पहिली शिकवण मुलाला तेथेच मिळते. याच्या उलट, ज्या घरात रोज रात्री कलह आहे, दारू आहे, केव्हा कोणाचा हात उठेल याचा नेम नाही, त्या घरातले मूल सदैव दाराकडे कान लावून असते. त्याच्या देहात संकटकाळी स्रवणारी संप्रेरके वारंवार स्रवत राहतात, झोप तुटते, आणि जे अवधान गणिताकडे जायचे ते पहाऱ्याच्या कामी खर्ची पडते. अशा मुलाला ‘लक्ष देत नाही’ असे म्हणणे म्हणजे त्याने आपले सारे लक्ष कोठे दिले आहे हे न पाहणे होय.

मग असे घर बदलता येते काय? वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर, किंग्स्टन शहराच्या दरिद्री वस्त्यांत, 1986-87च्या सुमारास सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या विदुषीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी जे काम केले, ते प्रत्येक पालकाने आणि प्रत्येक अंमलदाराने जाणून घेण्यासारखे आहे. पोषणाअभावी ज्यांची उंची खुंटली होती अशी 9 ते 24 महिन्यांची 129 बालके त्यांनी निवडली. काहींच्या घरी दर आठवड्याला दुधाचा पूरक आहार पोहोचविण्याची तजवीज केली. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, एक आरोग्यसेविका जाऊ लागली. काहींना दोन्ही मिळाले आणि काहींना यांतले काहीच नाही. सेविका वस्तीतल्याच सामान्य शिक्षणाच्या स्त्रिया होत्या. टाकाऊ बाटल्या व खोकी यांपासून केलेली खेळणी घेऊन त्या जात, आईच्या शेजारी बसत, मुलाशी कसे बोलावे, वस्तूंची नावे कशी सांगावी, त्याने काही साधले की कौतुक कसे करावे हे आईकडूनच करवून घेत, आणि खेळणी पुढल्या खेपेपर्यंत घरात ठेवून जात. मुलाला घरातून उचलून नेणे नव्हते, आईला उपदेश करणे नव्हते. हे दोन वर्षे चालले.

दोन वर्षांच्या अखेरीस आहाराचा आणि खेळाचा, दोहोंचाही गुण दिसला. परंतु पुढे जेव्हा जेव्हा या मुलांची पाहणी झाली, तेव्हा आहाराने बुद्धीच्या वाढीला दिलेला लाभ ओसरत गेलेला आढळला आणि खेळ-संभाषणाचा लाभ टिकून राहिला. वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास, ज्यांच्या घरी सेविका गेल्या होत्या त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी अधिक भरली. यावरून अन्नाची किंमत कमी आहे असा अर्थ कोणी काढू नये. उपाशी मुलाशी खेळण्याचा सल्ला देणे क्रूरपणाचे ठरेल. माझ्या दृष्टीने या हकिकतीचा खरा अर्थ एवढाच की त्या आयांना माया शिकवावी लागली नाही. ती होतीच, तिला वेळ, रीत आणि कोणाचा तरी आधार मिळाला.

हवाई द्वीपसमूहातील कौआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत जो मागोवा घेतला, त्यातूनही याला पुष्टी मिळते. जन्मवेळी त्रास सोसलेली मुले सुस्थिर घरांत बहुधा सावरली, अस्थिर आणि दरिद्री घरांत तोच त्रास वाढत गेला. दारिद्र्य, कलह, पालकांचे व्यसन वा मनोविकार अशा अनेक आपत्ती ज्यांच्या वाट्याला एकदम आल्या, त्यांच्यापैकीही सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार आणि प्रेमळ माणसे झाली. आणि त्यांच्या बालपणात आजी-आजोबा, मावशी, शेजारीण असे निदान एक तरी माणूस भक्कमपणे उभे असल्याचे दिसून आले. त्यांतली पुष्कळशी मुले तान्हेपणापासून हसरी, माणसाला लळा लावणारी होती, म्हणजे घर मुलाला घडविते तसे मूलही घराला काही अंशी घडविते, ही नोंदही महत्त्वाची आहे. तिच्यामुळे सारा दोष आईच्या माथी मारण्याची आपली जुनी खोड थोडी तरी ढिली व्हावी.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बाईंनी पालकांना नावे ठेवली नाहीत. मुले का येत नाहीत याचा शोध घेतला. आईबाप मजुरीला गेल्यावर सहा-सात वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे, मुलांच्या मागे गुरे असत. म्हणून बालवाडीच पाड्यावर, घराच्या अंगणात नेली. भावंडांसाठी पाळणाघर जोडले. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. बिया, शंख-शिंपले, पाने, खडे हीच साधने झाली. मुलांच्या आंघोळी, केस विंचरणे, गाणी, मोजणी हे सारे दारात उभ्या असलेल्या आयांच्या डोळ्यांदेखत होई, आणि दारातून जे दिसले ते हळूहळू घरातही शिरले.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हे नाव भारतभर गेले. या योजनेने असंख्य मुलांना अन्न, लस आणि वजनाचा काटा दिला, त्याचे ऋण मोठे आहे. तरी सेविकेवर इतक्या नोंदींचा आणि इतर कामांचा भार पडला की, घरी जाऊन आईजवळ, आणि बापाजवळही, निवांत बसण्याचे मूळ काम मागे राहिले. शिवाय पालघर-ठाण्याकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. त्यांच्या मुलांचे अर्धे वर्ष भोंग्यात, म्हणजे भट्टीवरच्या कच्च्या झोपडीत, सरते. त्यांच्यासाठी ठाणे जिल्ह्यात भोंगाशाळा निघाल्या, त्या थेट ताराबाईंच्या कुरणशाळेच्या वाटेने गेल्या असे मी मानतो. परंतु शाळेच्या वयाखालचे मूल तेथेही बहुधा मोठ्या बहिणीच्या कडेवरच राहते. प्रत्येक मोठ्या भट्टीवर एक पाळणाघर, त्यात त्याच पाड्यातली पगारी बाई, आणि आईला अंगावर पाजण्यासाठी व बाळाशी चार शब्द बोलण्यासाठी मजुरी न कापता दिलेली सुटी, एवढी तजवीज मालकाच्या परवान्याच्या अटींत घालणे सरकारला अवघड नाही.