समुद्राचा रोजमेळ

सिल्वासा हे बंदर नव्हे. दमणगंगेच्या काठी वसलेल्या या गावातील दुकानाच्या वा कारखान्याच्या गच्चीवरून समुद्र दिसत नाही. त्यामुळे समुद्रावरील हवामान ही कोळ्यांनी आणि खलाशांनी वाहावयाची चिंता आहे, असा समज आपणा व्यापारी मंडळींत सहज रूढ झालेला आढळतो. तथापि आपल्याकडील सूत, कापड आणि प्लॅस्टिकचा माल परदेशी जातो तो न्हावा-शेवा, हजिरा यांसारख्या बंदरांतूनच. शिवाय २६ जानेवारी २०२० रोजी दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांचा मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाल्यापासून समुद्रकिनारा ही आपल्याच प्रदेशाची सीमा बनली आहे. म्हणून समुद्राची पाहणी कशी होते, तिच्यावरून पुढील दिवसांचा अंदाज कसा बांधतात आणि त्याचा व्यापाराशी संबंध कोणता, याचा थोडक्यात विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

पश्चिम किनाऱ्यावरील जुन्या व्यापारी घराण्यांत ‘विजळी’ आगबोटीची कथा अद्याप सांगितली जाते. ‘वैतरणा’ हे तिचे मूळ नाव. परंतु तिच्यावर विजेचे दिवे असल्यामुळे लोक तिला विजळी म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघाली. द्वारकेहून पुढे गेल्यावर हवा बिघडली, पोरबंदरास थांबणे जमले नाही, आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ ती नाहीशी झाली. तिच्यावर लग्नाची वऱ्हाडे होती, परीक्षेस निघालेले विद्यार्थी होते. सातशेंहून अधिक माणसांपैकी एकही परतले नाही. वादळाच्या सूचना त्या काळी मुळीच नव्हत्या असे नाही. कलकत्ता बंदरासाठी त्या १८६५ सालीच सुरू झाल्या होत्या, आणि १८७५ साली हवामान खातेही स्थापन झाले होते. पण बोटीने एकदा किनारा सोडला की तिला निरोप पोहोचविण्याचे साधन नव्हते. बिनतारी संदेशाचा शोध अद्याप लागावयाचा होता. म्हणजे जाणणे आणि जाणलेले वेळेवर पोहोचविणे, या दोन्ही गोष्टी असल्याखेरीज अंदाजास अर्थ नाही.

समुद्राच्या हालचाली मुख्यतः दोन प्रकारच्या होत. पहिली भरती-ओहोटीची. ही चंद्र-सूर्यांच्या गतीने बांधलेली आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे किनाऱ्यावरील लहान मूलही जाणते. मुंबईस अपोलो बंदरावर १८७८ सालापासून पाण्याच्या उंचीची नोंद होत आली आहे. अशा नोंदींवरून कोणत्या दिवशी, किती वाजता, किती पाणी चढेल हे वर्षभर आधी छापता येते. खंभातच्या आखातात तर भावनगरजवळ पाणी सुमारे १० मीटरपर्यंत चढते-उतरते. तेथे हे कोष्टक पाहिल्यावाचून जहाज आत घेणे अशक्य. दुसरी हालचाल वाऱ्याची आणि लाटांची. भरतीचे गणित पंचांगासारखे आहे, तर लाटांचे बाजारभावासारखे. पंचांग आधी मांडता येते. भावाचा मात्र रोजच्या उलाढालीवरून केवळ अदमास बांधावा लागतो.

ही रोजची उलाढाल टिपण्यासाठी समुद्राचा जणू रोजमेळच लिहिला जातो. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था १९९३ साली स्थापन झाली. तिने समुद्रात नांगरून ठेवलेले तरंगते यंत्रबोये वारा, हवेचा दाब, लाटा आणि पाण्याची उष्णता मोजून उपग्रहामार्फत कळवितात. ‘आर्गो’ नावाचे नळकांड्यासारखे यंत्र सुमारे १००० मीटर खोलीवर वाहत राहते, दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत बुडी मारते आणि वर येताना प्रत्येक थराची उष्णता व क्षारता नोंदवून ती माहिती पाठविते. अनेक राष्ट्रांनी मिळून सोडलेली अशी हजारो यंत्रे जगाच्या महासागरांत फिरत आहेत. ‘ओशनसॅट’ मालिकेतील भारतीय उपग्रह पाण्याच्या पृष्ठभागावर किरण सोडतात आणि परतलेल्या किरणांवरून वाऱ्याचा वेग व दिशा ओळखतात. कारण वारा जितका जोराचा, तितका पृष्ठभाग खडबडीत. जाता-येता जहाजेही आपली नोंद देतात. उष्णतेची नोंद विशेष मोलाची, कारण चक्रीवादळास बळ मिळते ते उबदार पाण्यापासून.

या सर्व नोंदी हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात, म्हणजे ‘इन्कॉइस’ या १९९९ साली स्थापन झालेल्या संस्थेत एकत्र होतात. गणकयंत्रे त्यांवरून हिशेब करून लाटांची उंची, दिशा आणि प्रवाह काही दिवस आधी वर्तवितात. या हिशेबाचे नवल असे की तो अदृश्य शत्रूचीही वार्ता देतो. दक्षिण महासागरात, आपल्यापासून सहा-सात हजार किलोमीटरांवर, मोठे वादळ झाले तर त्यातून निघालेले लांब अंतराचे लोट आपल्याकडे येतात. ज्या दोन लोटांच्या मध्ये सोळा सेकंद जातात, त्यांचा जोर ताशी सुमारे ४५ किलोमीटरांच्या वेगाने पुढे सरकतो. म्हणजे त्यांस येथे पोहोचण्यास सुमारे सहा दिवस लागतात. आकाश निरभ्र, वारा शांत, आणि तरीही किनाऱ्यावर पाणी उसळते, ते यामुळे. वादळ दूर असतानाच त्याची नोंद झाली, तर तेवढे दिवस हाती राहतात.

याचा लाभ घेणारे अनेक आहेत. गोदीत कंटेनर चढविणे केव्हा थांबवावे, हे बंदराचे अधिकारी ठरवितात. जहाजाचा कप्तान लांबचा पण शांत मार्ग निवडतो. १९७४ साली तेल सापडलेल्या मुंबई हायवरील कामगारांची ने-आण याच अंदाजावर चालते. मासेमारीच्या धंद्याविषयी आपल्या समाजाचे विचार सर्वश्रुत आहेत. परंतु होडीतून जाणाऱ्या मनुष्याचा जीव वाचविणारी सूचना कोणासही परकी वाटू नये.

मात्र अंदाज उपलब्ध असणे आणि तो मानला जाणे, यांत अंतर आहे. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळाची सूचना अनेक दिवस आधीपासून प्रसृत होत होती. तरीही मुंबईच्या समुद्रात ‘पी ३०५’ हा कामगारांनी भरलेला तराफा जागेवरच राहिला. नांगर सुटून तो भरकटला, आणि १७ मे रोजी बुडाला. नौदलाने शर्थ केली, तरी त्यावरील सत्तराहून अधिक माणसे दगावली. १८८८ साली निरोप पोहोचत नव्हता; २०२१ साली तो पोहोचला होता. उणीव यंत्रांची उरली नव्हती.

आता आपल्या हिशेबाची गोष्ट. माल वेळेवर निघावा म्हणून एजंटाकडे तगादा लावणारे आपणच असतो. त्या तगाद्याचा भार अखेर कप्तानावर पडतो. सभासदांनी दोन नियम ध्यानात ठेवावे. पहिला असा की, १९६३ च्या सागरी विमा कायद्याप्रमाणे केवळ विलंबाने झालेले नुकसान विमा कंपनी सामान्यतः भरून देत नाही. म्हणून पावसाळ्यातील सौद्यात मुदत ठरविताना चार दिवस हातचे राखावे. दुसरा ‘जनरल ॲव्हरेज’चा. जहाज वाचविण्यासाठी कोणाचा माल समुद्रात टाकावा लागला, तर ती तूट ज्यांचा माल सुखरूप राहिला त्या सर्वांनी प्रमाणशीर सोसावयाची असते. तेव्हा विमा उतरविला नसेल, तर आपली पेटी कोरडी राहूनही खिशास झळ लागते. माल रवाना करण्यापूर्वी हवामान खात्याची व इन्कॉइसची सूचना पाहणे आता प्रत्येकाच्या हातातील फोनवरही शक्य आहे. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असता “आज नको, दोन दिवसांनी निघू द्या” असे मालाच्या धन्याने स्वतः म्हणावे.

रोजमेळ नीट लिहिणारा व्यापारी सहसा बुडत नाही, हे आपल्या वाडवडिलांनी आपणांस शिकविले आहे. समुद्राचा रोजमेळ आज इतरजन कष्टाने लिहून आपल्यापुढे ठेवीत आहेत. तो वाचण्यास फार तर पाच मिनिटे लागतात. पाठविलेल्या मालाबरोबर कोणाची तरी माणसे समुद्रावर असतात, एवढे स्मरून सभासद बंधु-भगिनींनी ती पाच मिनिटे अवश्य द्यावी, अशी आमची विनंती आहे.