राजूरचा पाऊस आणि हवेतील बाष्प, धूळ व धूर यांचा हिशेब

अकोले तालुक्यातील राजूरच्या परिसरात भात, नागली व वरई ही पिके मुख्यत्वेकरून पावसाच्या पाण्यावर घेतली जातात. तेथून पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पाणी १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात साठते आणि प्रवरेच्या कालव्यांनी खालच्या बागायतीस मिळते. पुढील वीस-तीस वर्षांत हा पाऊस वाढेल की घटेल, हा प्रश्न डोंगरातील भातकऱ्यापासून कालव्यावरील ऊसकऱ्यापर्यंत सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. त्याचे उत्तर ज्या साधनाने शोधतात, ते साधन कसे चालते व ते कोठे चुकते, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रतिमान म्हणजे काय?

या साधनास हवामानाचे प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात. पृथ्वीभोवतीच्या हवेचे व समुद्राचे चौकोनी भाग कल्पून, प्रत्येक भागातील उष्णता, वारा, बाष्प व ढग यांचे गणित संगणकावर पदार्थविज्ञानाच्या नियमांनी केले जाते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने शंभर वर्षांचा विचार करणारे असे एक प्रतिमान तयार केले आहे. त्यातील हवेचा एकेक चौकोन सुमारे २०० किलोमीटर लांबी-रुंदीचा आहे. एवढ्या एका चौकोनात कोकणचा किनारा, वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणारे घाटघर, राजूर, आणि जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटरवर भागविणारा अहिल्यानगर जिल्ह्याचा पूर्व भाग ही सर्व ठिकाणे सामावू शकतात. अशा प्रतिमानाने सांगितलेला आकडा एखाद्या गावाचा म्हणून घेता येत नाही, हे यावरून उघड होते.

उष्णतेचा जमाखर्च

पावसाचे सर्व चक्र सूर्याच्या उष्णतेवर फिरते. पृथ्वीवर येणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे ३० टक्के भाग ढग, धूलिकण, बर्फ व जमीन यांच्यावरून परत फेकला जातो. उरलेला भाग पृथ्वी व हवा तापवितो आणि अदृश्य उष्णकिरणांच्या रूपाने कालांतराने अवकाशात परत जातो. या देवाणघेवाणीस शास्त्रात प्रारण म्हणतात. वाण्याच्या वहीत रोज थोडी चूक राहिली तर वर्षअखेरीस मोठी तूट दिसते, तसेच येथे होते. उद्याच्या अंदाजात जी चूक नगण्य असते, ती शंभर वर्षांच्या गणितात साचत जाते. पुण्याचे प्रतिमान मुळात एका हंगामाच्या अंदाजासाठी केलेल्या प्रतिमानावरून बेतलेले असल्यामुळे, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत हा जमाखर्च जुळविण्याचे काम अगोदर करावे लागले.

गणित पडताळण्यास प्रत्यक्ष मोजणी लागते. भारतात सूर्यप्रकाश मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या सुमारास उभे राहिले. पुण्यात काम करणाऱ्या हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी (१९१८-२००१) यांचा त्यात मोठा वाटा होता.

बाष्पाची दुहेरी कामगिरी

हवेतील बाष्प पाऊस देते आणि घोंगडीप्रमाणे पृथ्वीची उष्णताही धरून ठेवते. बाष्प, कर्बवायू इत्यादींचे हे पांघरूण नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्या सुमारे १५ अंशांऐवजी शून्याखाली १८ अंश सेल्सिअस असते. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. यावरून पाहता, हवा तापत असताना पाऊस वाढावयास हवा होता.

तथापि सह्याद्रीवर तसे घडले नाही. पुण्याच्या याच संस्थेने पुढाकार घेऊन २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशातील पावसाळी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाला, आणि ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात विशेष दिसून आली.

धूळ व धूर यांचा परिणाम

या कोड्याचा एक मोठा दुवा हवेतील सूक्ष्म कणांत आहे. धूळ, समुद्राचे मीठ, चुलीचा व शेतातील धूर, मोटारी व कारखाने यांतून निघणारी काजळी व गंधकयुक्त कण या सर्वांस मिळून एरोसोल म्हणतात. काही कण सूर्यप्रकाश परतवितात. काजळी तो शोषून हवेचा थर तापविते. दोन्ही प्रकारांनी जमिनीवर ऊन कमी पोहोचते. जमीन कमी तापली म्हणजे जमीन व समुद्र यांच्या तापमानातील फरक घटतो व मोसमी वाऱ्यांचा जोर मंदावतो. हिंदी महासागराचे तापणे हेही पाऊस घटण्याचे एक कारण मानले जाते.

याशिवाय ढगातील प्रत्येक थेंब अशाच एखाद्या कणाभोवती जमतो. पावसाचा एक थेंब होण्यास ढगातील सुमारे दहा लाख बारीक थेंब एकत्र यावे लागतात. कण फार झाले की तेच पाणी अनेकांत वाटले जाते, थेंब लहान राहतात आणि ढग बरसण्यास विलंब लागतो. प्रतिमानास हे सर्वांत अवघड जाते, कारण कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून लहान, आणि चौकोन मात्र शेकडो किलोमीटरचा.

म्हणूनच मोजणीवर भर दिला जात आहे. २००९ पासून विमानांतून ढग व कण यांचे मापन सुरू झाले. पुढे वर्षाछायेतील सोलापूर हे त्याचे एक मुख्य क्षेत्र झाले. सह्याद्रीच्याच माथ्यावर महाबळेश्वर येथे २०१२ साली ढगांची प्रयोगशाळा उभारण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस उपग्रह निरनिराळ्या उंचीवरील तापमान व बाष्प टिपतो. दैनंदिन अंदाजासाठी मे २०२५ पासून ६ किलोमीटरच्या चौकोनाचे प्रतिमान वापरात आले. त्यापूर्वीचा चौकोन १२ किलोमीटरचा होता.

पुढे काय?

कण हवेत काही दिवस ते एक-दोन आठवडे राहतात. कर्बवायूचा परिणाम शतकानुशतके टिकतो. धूर कमी झाला की त्याने दाबून धरलेला पाऊस व उष्मा दोन्ही वाढण्याचा संभव आहे. बहुतेक प्रतिमाने पुढील काळात मोसमी पाऊस व अतिवृष्टी यांत वाढ दर्शवितात. ही वाढ केव्हा व किती, हे कणांचा व बाष्पाचा हिशेब किती अचूक मांडला जातो यावर अवलंबून राहील.

गावाने काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे पाऊस मोजावा. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात, झाड वा इमारत यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक ठेवावा व रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद करावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. डोंगरात दोन कोसांवर पाऊस बदलतो. त्यामुळे अंदाज आपल्या शिवारास कितपत लागू पडतो, हे अशा वहीवरूनच कळेल.

दुसरे असे की, पाऊस कमी व अतिवृष्टी या दोहोंची तयारी ठेवावी. भाताची सर्व रोपे एकाच दिवशी न टाकता दोन टप्प्यांत टाकावीत आणि खाचरांचे बांध व सांडवे पावसापूर्वी दुरुस्त करावेत.

तिसरी गोष्ट राबाची. राब भाजल्याने तण मरते व रोप जोमदार येते, हा अनुभव खरा आहे. परंतु त्यात पालापाचोळा व शेण जळून जाते आणि झाडांच्या फांद्या तुटतात. शहरे व कारखाने यांच्या मानाने हा धूर अल्प असला, तरी जे खत जमिनीत जावयाचे ते हवेत जाते, हे नुकसान शेतकऱ्याचेच आहे. गादीवाफ्यावर चांगले कुजलेले शेणखत घालून व वेळेवर निंदणी करून रोपे तयार करता येतात. ज्यांनी अद्याप हा प्रयोग केलेला नाही, त्यांनी येत्या हंगामात एका वाफ्यापुरता तो करावा आणि राबाच्या रोपांशी त्या रोपांची तुलना स्वतःच करून पाहावी.